देवबागहून होडीनं निवतीला जाऊन गड चढायचा, वडिलांना नेता येईल का?

वडगाव_बेळगाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतो, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला होते, चौतीस वर्षं. आता घरी असतात, वय ६४. समुद्र त्यांनी बघितलाय, वेंगुर्ल्याला, गोव्याला, पण नेहमी काठावरनं, पँट दुमडून घोट्यापर्यंत पाण्यात जायचं आणि परत. परवा जेवताना टीव्हीवर कुठलीतरी होडी दिसली तेव्हा म्हणाले की पाण्यातनं जमीन कशी दिसते ते एकदा बघायला पाहिजे होतं. एवढंच म्हणाले आणि परत भाकरी मोडायला लागले. पण ह्या माणसानं आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही त्यामुळं ते वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना.

तर प्लॅन असा आहे. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शिनोळी, चंदगड, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ करत रात्री देवबागला मुक्काम. शनिवारी सकाळी आवरून नऊ-दहाला होडी ठरवायची, कर्ली नदीच्या मुखातनं बाहेर पडून भोगव्याच्या किनाऱ्यानं खाली निवतीला, तिथं होडी नांगरून ठेवायची, आम्ही निवतीचा किल्ला चढणार, वर बसून भाकरी खाणार आणि चारपर्यंत परत. रविवारी सकाळी सिंधुदुर्ग बघून घरी.

अडचणी तीन. वडिलांचा डावा गुडघा झिजलाय, डॉक्टर म्हणालेत सपाटीला हवं तेवढं चाला, चढ-उतार जपून. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोत तीन-चार फेऱ्या मारतात, दम आहे, गुडघ्याचंच काय ते. दुसरं, बायकोला आंबोली घाटातच मळमळतं तर होडीत काय होईल. तिसरं, मुलगी चौथीत आहे, पोहायला येत नाही.

शनिवार ठरवलाय तो अष्टमीचा आहे, आईनं कॅलेंडर बघून सांगितलं म्हणून लिहितो, समुद्राला तिथी लागते एवढंच मला माहीत आहे. कुणी हे केलंय का? होडी तिथं थांबते का की सोडून जाते? आणि वडिलांना नेऊ का नको ते स्पष्ट सांगा.

कंग्राळीचा_पाय

न्या की मर्दा, विचारत काय बसलास! निवतीचा गड म्हणजे काय महिपाळगड-पारगडसारखा मोठा नाही. गाव सोडलं की वीस-पंचवीस मिनिटांत माणूस वर. आम्ही कॉलेजची पोरं गेल्तो, सगळी बाइकवरनं परुळे-म्हापण मार्गे, होडीनं नाही. वर खंदक आहे, बुरूज आहेत, पडकं बांधकाम आहे, झाडीत गेलेलं बरंचसं. शिवकाळातला किल्ला, पुढं इंग्रजांनी घेतला. पण खरी मजा वरनं दिसतं त्यात आहे. उत्तरेला भोगव्याचा किनारा असा लांबलचक पसरलेला, खाली सोनेरी दिसणारे खडक, आणि बाहेर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स, त्यावरचं दीपगृह. आम्ही तासभर काही न बोलता बसलो होतो, आणि आमची पोरं गप्प बसणारी नव्हेत.

आता गुडघ्याचं. वाट जांभ्या दगडाची आहे, त्यावर बारीक खडे सुटलेले असतात, चढताना काही वाटत नाही पण उतरताना पाय घसरतो आणि गुडघेवाल्याला त्रास तिथंच होतो. काकांना काठी द्या, चांगली कमरेपर्यंतची, आणि उतरताना तुम्ही त्यांच्या पुढं चाला, मागं नाही. पुढं माणूस असला की पाय टाकायला धीर येतो. चपलेवर नको, बूट पाहिजेत. पावसाळ्यानंतर लगेच जाणार असलात तर गवत कमरेएवढं असतंय, जनावराची भीती असते, पाय आपटत चालायचं.

जायच्या आधी दोन रविवार काकांना येळ्ळूरगडावर न्या. नाहीतर देवरवाडीला वैजनाथाला जाऊन तिथनं थोडं वर. ते झेपलं की निवती झेपलंच समजा.

खानापूरची_सुनंदा

मी जरा दुसरी बाजू मांडते. समुद्रच पाहिजे का? होडी आणि चढण दोन्ही एका दिवसात पाहिजे असेल तर बामणोली-वासोटा आहे. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जायचं, वनखात्याची परवानगी तिथंच मिळते, मग कोयनेच्या शिवसागर जलाशयातनं दीड तास लाँचनं जायचं. पाणी गोड, लाटा नाहीत, भरती-ओहोटीची भानगड नाही. पलीकडं उतरल्यावर पिशव्या तपासतात, प्लॅस्टिक मोजून घेतात आणि परत येताना मोजून दाखवावं लागतं, मला हे फार आवडलं. जंगल असं आहे की भर दुपारी अंधारल्यासारखं वाटतं, व्याघ्र प्रकल्पातलंच आहे ते. वरनं बाबुकडा दिसतो.

पण आता लिहिता लिहिता वाटतंय की काकांसाठी नकोच. चढण दोन तास उभी आहे आणि लाँचची परतायची वेळ ठरलेली असते त्यामुळं मागं रेंगाळता येत नाही. माझ्या मामांनी अर्ध्यात सोडलं होतं. शिवाय बेळगावहून साताराच सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, मालवण त्या मानानं दीडशेच्या आसपास.

कारवारचं कुर्मगडही चांगलं आहे, काळी नदीच्या मुखासमोर, कासवासारखं बेट, वर नरसिंहाचं देऊळ. रामनगर-जोयडावरनं रस्ताही सुंदर. पण जत्रेच्या गर्दीत जाऊ नका. २०१९ च्या जानेवारीत जत्रेहून परतताना होडी उलटून १६ माणसं गेली. आमच्या ओळखीचे एकजण त्याच दिवशी आधीच्या फेरीनं आले होते, ते आजही तो विषय निघाला की उठून बाहेर जातात. म्हणून सांगते, कुठंही जा पण मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते फोनवर आधी विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान पोराला घातलं तर पाण्यात ते वर निघून येतं आणि पोर खाली राहतं. दोन पायांतनं पट्टा जाणारं मिळालं तर उत्तम.

मळमळीचं: वहिनींना उपाशी होडीत बसवू नका, भरल्या पोटीही नको. थोडे चिरमुरे, आलेपाकाची वडी. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि होडीत बसायच्या तासभर आधी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. बसायचं मधल्या भागात नाहीतर मागं, पुढं नाकाडाला बसलं की जास्त आपटतं. नजर लांब क्षितिजावर ठेवायची, मोबाइलमध्ये अजिबात नाही.

देवबागची_लेक

नमस्कार भाऊ. माझं माहेर देवबाग, गेली अठरा वर्षं सासर टिळकवाडी. भाऊ अजून मासेमारी करतो आणि सीझनला पर्यटकांची होडीही चालवतो. त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचा प्लॅन चांगला आहे पण दिवस चुकलाय आणि वेळही चुकलीय.

आधी आमचं गाव समजून घ्या. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे अरुंद जमिनीची जीभ. होड्या नदीच्या बाजूला लागतात. निवतीला जायचं तर नदीच्या मुखातनं बाहेर पडावं लागतं आणि तिथं वाळूची पट्टी साठलेली असते, दर पावसाळ्यात ती थोडी सरकते. ओहोटीला त्या पट्टीवर पाणी कमी होतं. आणि फक्त कमी होतं एवढंच नाही, ओहोटीत नदीचं पाणी जोरात बाहेर जात असतं आणि समोरनं समुद्राची लाट आत येत असते, दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि लाट उभी होते. बाहेर समुद्र शांत असला तरी मुखाशी होडी नाचते. भरतीत उलट, पाणी आणि लाट एकाच दिशेनं आत जातात, लाट पसरते आणि खाली पाणीही भरपूर असतं. हे एक कळलं की निम्मं काम झालं.

आता तिथी. आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाला आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पूर्ण भरती. मग दुपारी बारा-साडेबाराला पूर्ण ओहोटी. तुम्ही नऊ-दहाला निघणार म्हणजे उतरत्या पाण्यात मुखातनं बाहेर पडणार, नेमकं नको तेव्हा. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, मोबाइलवर मालवणचं भरतीचं कोष्टक मिळतं ते बघा, पण अंदाज यायला पाऊणपट पुरते.

एक आठवडा पुढं ढकला. पुढच्या शनिवारी पौर्णिमा येईल, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे पाचला ओहोटी, मग पाणी चढायला लागणार. साडेसातला निघा, मुखाशी पुरेसं पाणी असेल. अर्ध्या-पाऊण तासात निवती. गड चढा, उतरा, आणि अकराला होडीत परत या. मुखाशी याल तेव्हा भरती पूर्ण, पाणी थबकलेलं, होडी तळ्यातनं आल्यासारखी आत येईल.

चारपर्यंत थांबायचा विचार सोडून द्या. कारण वारा. सकाळी जमिनीवरनं मतलई वाहते, समुद्र काचेसारखा असतो. दहा-अकरानंतर ती पडते आणि मग बाहेरनं खारा वारा सुटतो, दुपारी वायव्येकडनं चांगला जोर धरतो. दोन-तीनला होडीत बसलेला माणूस भिजल्याशिवाय परत येत नाही आणि वहिनींची तब्येत बिघडायची तर ती त्याच वेळेला. भाकरी वर खायची तर न्याहारी म्हणून खा, जेवायला देवबागला या.

होडी थांबते का, हो, थांबते, पण ठरवताना स्पष्ट सांगायचं की थांबायचं आहे, दोन-अडीच तास, त्याचे वेगळे पैसे. आणि कुठं नांगरायची ते तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, ठरवू द्या. तुम्ही भोगव्याच्या टोकाला म्हणाल आणि तो गडाच्या दक्षिणेला नेईल, तर वाद घालू नका. वायव्येचा वारा असला तर डोंगराच्या दक्षिणेला आडोसा मिळतो, तिथं पाणी शांत राहतं. नांगर वाळूत टाकायचा असतो, खडकात अडकला तर दोर कापायची वेळ येते. आणि मालवणच्या किल्ल्याजवळ तर पाण्याखाली प्रवाळ आहेत, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे ते, तिथं कसाही टाकलेला नांगर वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ एका क्षणात मोडतो. चांगला तांडेल आधी तळ बघतो मग नांगर सोडतो. तो बघतोय का ते तुम्ही बघा, माणूस कसा आहे ते तेवढ्यावरनं कळतं.

वडिलांना न्या. पण चढण्यापेक्षा होडीतनं उतरणं जास्त अवघड आहे हे लक्षात ठेवा. तिथं धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, होडी वरखाली होत असते. लाट येऊन गेली की मग पाय टाकायचा, लाट येताना नाही. एकजण आधी खाली उतरून उभा राहील आणि हात देईल. उडी अजिबात नको. बूट गळ्यात बांधून घ्या, उतरल्यावर पाय कोरडे करून घाला.

निपाणीकर_निवृत्त

ताईंनी उत्तम लिहिलंय. एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे ते नोंदवतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्यामुळं ओढही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, चढ-उतार कमी, ओढ कमी. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना मी तरी भांगाचेच दिवस निवडीन. मी मालवण-वेंगुर्ला भागात नोकरीत बारा वर्षं काढलीत, उधाणाच्या ओहोटीत खाडीच्या तोंडाशी काय होतं ते बघितलंय.

दुसरं, दिवाळीच्या सुट्टीत समुद्र शांतच असतो असं धरून चालू नका. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस, ऐन दिवाळीत क्यार वादळ होतं, ते किनाऱ्यावर आलंच नाही, लांबनं गेलं, तरी सिंधुदुर्गात पाणी गावात शिरलं आणि होड्यांचं नुकसान झालं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या रात्री आणि सकाळी दोन्ही वेळा बघायचा. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात भरवशाचे महिने.

आणि जॅकेट घातल्याशिवाय होडी सुटता कामा नये, घालून पट्टे बांधून. पायाशी ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तोही किनारा दिसत असताना.

देवबागची_लेक

काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे, उधाणाला ओढ जास्त असते, नाकारत नाही. पण भांगातली अष्टमी घेतली तर ओहोटी भर बाराला येते, म्हणजे एकतर पहाटे सहाला अंधारात निघायचं नाहीतर परतताना उतरत्या पाण्यात नाहीतर दुपारच्या वाऱ्यात सापडायचं. ओढ कमी आणि वेळ वाईट, की ओढ जास्त आणि वेळ चांगली, असा तो प्रश्न आहे. पाणी थबकलेलं असताना ओढ नसतेच, उधाण असो की भांग. म्हणून मी अकराची वेळ धरून सांगितलं. फक्त एक अट, साडेअकराच्या पुढं निवतीत थांबायचं नाही. एकदा पाणी उतरायला लागलं की काका म्हणतात तेच खरं होतं. अगदी पौर्णिमाच पाहिजे असंही नाही, त्रयोदशी-चतुर्दशीही चालेल, तेव्हा भरती दहा-साडेदहाला, तेवढं लवकर निघायचं.

निपाणीकर_निवृत्त

हे पटलं. वेळ पाळणार असतील तर माझी हरकत नाही.

कंग्राळीचा_पाय

मग वर दोन तास बसायला मिळणार नाही होय. ठीक आहे, समुद्रापुढं कोण बोलणार. वेंगुर्ला रॉक्सवर न्यायला कुणी होडीवाला तयार झाला तरी जाऊ नका एवढं सांगतो. तिथल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, ती घरटी लाळेची असतात, आणि पूर्वी लोकांनी चोरून न्यायचेही धंदे केलेत. माणूस आत शिरला की पाखरं उठतात. लांबनंच बघावं.

वडगाव_बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. पौर्णिमेचा शनिवार पक्का केला, ऑफिसात सुट्टी बदलून घेतली. वडिलांना पाऊणपटीचा हिशेब सांगितला तर त्यांनी कॅलेंडर काढून महिनाभराच्या भरत्या पेन्सिलीनं मांडून ठेवल्यात. दोन रविवार येळ्ळूरगड करतोय. जाऊन आलो की लिहितो.

वडगाव_बेळगाव

जाऊन आलो. लिहायला चार दिवस उशीर झाला, ऑफिसात कामं साठली होती.

शुक्रवारी रात्री अकराला देवबागला पोचलो. आंबोलीत धुकं होतं, बायकोनं ताईंनी सांगितल्याप्रमाणं आलेपाक चघळला, घाटात काही झालं नाही. घरगुती ठिकाणी मुक्काम केला, एका खिडकीतनं नदी आणि दुसऱ्या बाजूनं समुद्राचा आवाज, मुलगी मधे उभी राहून दोन्हीकडं तोंड करत होती.

सकाळी सातला नदीच्या काठावर. एका होडीवाल्याशी आदल्या दिवशी फोनवर ठरलं होतं पण तो आयत्या वेळी आठ माणसांच्या होडीत अजून सहा बसवायला लागला आणि मुलीच्या मापाचं जॅकेटही नव्हतं. मी सरळ उतरलो. वडील म्हणाले राहू दे रे, आलोय तर जाऊ, पण मला खानापूरच्या ताईंचे ते ओळखीचे गृहस्थ आठवले. शेजारीच एक वयस्कर तांडेल होते, त्यांनी आधी आमच्या पोरीला जॅकेट घालून बघितलं, सैल झालं तर दुसरं आणलं, मग पैशाचं बोलले. त्यांच्याबरोबर गेलो, फक्त आम्ही चौघं.

पावणेआठला सुटलो. मुखाशी थोडं हललं, जास्त नाही. बाहेर पडल्यावर तांडेलांनी इंजिन हळू केलं आणि होडी जरा आत समुद्रात घेतली, भोगव्याचा किनारा डाव्या हाताला. ऊन मागनं डोंगरावरनं येत होतं, माडांच्या शेंड्यांवर नुकतं लागत होतं आणि खाली वाळू अजून सावलीत, निळसर. त्याच्यामागं लांब सह्याद्री, एक रेघ. वडील टोपी काढून बसले. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, आपण त्या डोंगरापलीकडनं आलो बघ काल रात्री. मग गप्प. त्यांना जे बघायचं होतं ते हेच असावं, म्हणून मी फोटोही काढला नाही त्यावेळी.

निवतीला तांडेल खरंच गडाच्या दक्षिणेला गेले. इंजिन बंद करून काठावरनं वाकून तळ बघितला, मग नांगर सोडला. मुलीला दोर धरायला दिला आणि हात पसरून वाव कसा मोजतात ते दाखवलं, दोन वाव पाणी होतं तर आठ-नऊ वाव दोर सोडला. ती म्हणाली एवढा का? तर म्हणाले दोर तिरका पाहिजे, उभा दोर नांगराला उपटून काढतो, तिरका दोर त्याला वाळूत रुतवतो. हे ऐकून वडील एकदम पुढं सरकले.

नांगर रुतला तसं होडीचं मागचं टोक काठाकडं वळलं. उतरताना मी आधी पाण्यात, वडिलांनी दोन लाटा जाऊ दिल्या, तिसरीनंतर पाय टाकला, काही त्रास नाही. चढायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. कंग्राळीच्या दादांनी सांगितलेली काठी फार उपयोगी पडली. खंदकापर्यंत वडील आले, बुरुजाकडं शेवटचा टप्पा दगडांचा होता तिथं म्हणाले तुम्ही जाऊन या, मी इथंच बसतो. मी आग्रह केला नाही. वर गेलो, दीपगृह दिसलं, भोगवे दिसलं, आणि खाली आमची होडी, पाण्यात तिची सावली वेगळी दिसत होती इतकं पाणी नितळ. मुलीनं वरनं आजोबांना हाक मारली आणि त्यांनी काठी उंच केली. भाकरी, शेंगाची चटणी, झुणका खंदकाच्या काठावर चौघांनी बसून खाल्ला. उतरताना मी पुढं, ते मागं, एकदाच खडा सुटला, माझ्या खांद्यावर हात टेकला, झालं.

अकराला पाच कमी असताना होडीत. नांगर वर घेताना वडिलांनी तांडेलांना थांबवलं आणि तो हातात घेऊन बघितला. सळ्या वाकवून वेल्डिंग केलेला चार नखांचा, एक नख जोडाशी तडकलेलं. ते बोटानं दाखवून म्हणाले हे पुढच्या महिन्यात तुटणार. तांडेल म्हणाले माहीत आहे, दर सीझनला एक जातो, खाऱ्या पाण्यात जोड धरत नाही. मग परतीचा सगळा वेळ दोघं सळईची जाडी, जोडाला आधी तापवणं, गंज, ह्यावरच बोलत होते, मुखातनं कधी आत आलो ते त्यांना कळलंही नाही. पाणी ताईंनी सांगितलं तसंच होतं, तळ्यासारखं. धक्क्याला लागलो तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते आणि बाहेर समुद्रावर पांढरे शेंडे दिसायला लागले होते. बायकोला जाताना-येताना काहीही झालं नाही, त्यासाठी सुनंदाताईंचे वेगळे आभार, ती स्वतः लिहायला सांगतेय.

आता एक काम आहे ताई तुमच्याकडं. वडिलांनी घरी आल्यापासून कॅलेंडरच्या मागच्या पानावर नांगराचं चित्र काढलंय, मापं घालून. जोड न करता नखं एकाच सळईतनं वाकवून काढायची आणि मधल्या नळीतनं आरपार घ्यायची असा त्यांचा विचार आहे, जुन्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेणार म्हणतात. तुमच्या भावाला विचारून सांगाल का, आठ माणसांच्या होडीला नांगर किती किलोचा लागतो, आणि कडं वर असावं की खडकात अडकला तर उलटा ओढून काढायला खालीही एक पाहिजे?

देवबागची_लेक

वाचून डोळे भरले भाऊ. वजनाचं भावाला आज रात्री विचारते, तो आत्ता समुद्रात आहे. पण खालचं कडं पाहिजेच, ते काकांना आत्ताच सांगा. त्याला बारीक दोर बांधून ठेवतात, नांगर अडकला की त्या दोरानं उलटा ओढून निघतो.